सपोर्टमधून प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे, तेही नाशिकमध्ये राहून: जमेल का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी नाशिकमध्ये एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे. बीएस्सी कॉम्प्युटर केलंय. आमचं सॉफ्टवेअर कांद्याचे व्यापारी वापरतात. लिलाव झाला की गाडी खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या आवारात येते, वजन होतं, भाव लावायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी द्यायची. संध्याकाळी व्यापाऱ्याला दिवसभराच्या खरेदीचा गोषवारा. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, चांदवड, येवला असे आमचे लोक पसरलेत. लिलावाच्या वेळेत फोन खाली ठेवायची सोय नसते.

हल्ली होतं असं की अडलेल्या मुनीमजींना वाट काढून देते, पण फोन ठेवल्यावर मनात राहतं, मुळात हे असं बनवलं कुणी आणि का? डेव्हलपर म्हणतात साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणतात एका मोठ्या पार्टीने मागितलं होतं. ठरवणारं असं कुणी नाहीच. शोधता शोधता कळलं की हे ठरवणाऱ्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात आणि ते रीतसर करिअर आहे. तेव्हापासून डोक्यात भुंगा.

अडचणी अशा. कोडिंग कामचलाऊ येतं, एमबीए नाही. एका ऑनलाइन क्लासवाल्यांचे सारखे फोन येतात: दीड लाख रुपये, हप्त्यांची सोय, नोकरीची हमी. आई म्हणते त्यापेक्षा एमबीएला घाल ते पैसे. मैत्रिणी म्हणतात नाशिकमध्ये बसून हे व्हायचं नाही, पुण्याला ये. बाबांच्या तब्येतीमुळे निदान वर्षभर तरी नाशिक सोडता येणार नाही. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करू?

शंकाखोर

आधी एक खात्री. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणताय ना, प्रॉजेक्ट मॅनेजर नव्हे? ठरलेलं काम वेळेत आणि बजेटात पार पाडून घेणं ही प्रॉजेक्टवाल्याची डोकेदुखी. काय करायचं हेच ठरवणं ही दुसऱ्याची. अर्धे प्रतिसाद भलत्याच नोकरीवर येतील म्हणून विचारलं.

गोदाकाठची

प्रॉडक्टच.

मिसळ_जास्त_तर्री

वाचतोय. बायकोही याच वाटेवर आहे.

निफाडकर_पुणेस्थित

मूळचा निफाड तालुक्यातला, पुण्यात हेच काम करतो, म्हणून जरा हक्काने लिहितो.

या कामाभोवतीचा इंग्रजी शब्दांचा धुरळा बसू दिला तर उरतं ते एवढंच: कुणाची कुठली अडचण आधी सोडवायची, कुठली यंदा सोडवायची नाही, आणि सुटली की नाही हे कशावरून ओळखायचं, हे ठरवणारा माणूस. डिझायनर, डेव्हलपर, टेस्टर यांच्यापैकी कुणीही तुमच्या हाताखाली नसतं. हुकूम सोडायची सोय नाही. जवळ असते ती गिऱ्हाइकाची पक्की माहिती आणि नीट लिहिलेलं एखादं पान, त्यावरच पटवून द्यायचं. दिवसातला बराच वेळ 'नाही' म्हणण्यात जातो, आणि ते 'नाही' मालकांनाही ऐकवावं लागतं. 'मोठ्या पार्टीने मागितलं' म्हणून बनवलेल्या आणि नंतर कुणीच न वापरलेल्या सोयी मी बंगळुरूच्या बड्या कंपन्यांतही ढिगाने पाहिल्यात, तेव्हा त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

ही कल्पना मुळात सॉफ्टवेअरवाल्यांची नाही. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकएलरॉय नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण दिलं. तो कॅमे साबणाचं काम बघायचा. त्याचं म्हणणं होतं की एकेका ब्रँडमागे एक जबाबदार माणूस हवा. विक्री कुठे आणि का पडते ते त्याने आकड्यांतून आणि प्रत्यक्ष फिरून शोधावं, उपायही त्यानेच मांडावा आणि तो लागू पडला का तेही त्यानेच तपासावं. (हाच गृहस्थ १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. साबणावरून थेट तिकडे!) सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवख्या पदवीधरांना थेट या कामात घ्यायची रीत गाजवली ती गूगलने, २००२ मध्ये असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरची योजना काढून. आपल्याकडेही तशा जागा निघतात, पण थोड्या, आणि बहुतेक ठरावीक कॉलेजांच्या कॅम्पसमध्येच भरतात. त्या रांगेत तुम्ही उभ्या राहू नका.

तुमची वाट कंपनीतल्या कंपनीत सरकण्याची. माझ्याबरोबरचे बरेच जण तसेच आलेत. कुणी टेस्टिंगमधून, कुणी बिझनेस ॲनालिस्ट होता, एक जण गोदामाचा हिशेब बघायचा. सपोर्टमधून आलेल्या उमेदवाराला मी मुलाखतीला आवर्जून बोलावतो, कारण गिऱ्हाईक चिडलेलं असताना कसं बोलतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

तेव्हा गृहपाठ देतो. मागच्या तीन महिन्यांचे फोन काढा आणि कारणावार लावा. प्रत्येक कारणाचे फोन किती, त्यात वेळ किती गेला, फोन करणारा मालक की मुनीम. सगळ्यात वर काय येतंय ते इथे लिहा. क्लासचं नंतर बोलू.

जुनंखोड

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. नाशिकमध्ये आयटी येणार हे ऐकत माझे केस पांढरे झाले. सातपूरला डेटा सेंटर आहे, बीपीओ आहेत, छोट्या कंपन्या आहेत, सगळं खरं. पण या पदाची जाहिरात नाशिकसाठी निघालेली मला दाखवा. कंपनीतल्या कंपनीत सरकून मालक पगार वाढवतो का? पदनाम देऊन बोळवण करतो. बाबांचं बरं झालं की सरळ पुणं गाठा.

कोथिंबीरवडी

जुनंखोड काका, अर्धं पटलं. जाहिराती इथे निघत नाहीत हे खरंच आहे. पण मी स्वतः इंदिरानगरातून घरून काम करते, कंपनी बंगळुरूची, पद प्रॉडक्ट मॅनेजर. म्हणजे नाशिकमध्ये राहून अशक्य नाही. फक्त पहिलीच जागा घरून काम करायची मिळणं महाकठीण; ज्या मुलीचं काम कुणी पाहिलेलं नाही तिला दुरून कोण घेणार? म्हणून पहिलं काम आहे तिथेच करून दाखवायचं, आणि मग ते घेऊन बाहेर पडायचं. मीही टेस्टिंगमधून तशीच आले.

गोदाकाठची ताई, आता तुमच्या दीड लाखांबद्दल. 'नोकरीची हमी' कुठल्या पदाची आहे ते करारात वाचा. माझ्या ओळखीच्या एका मुलाला हमीच्या बदल्यात टेलिसेल्सची जागा दाखवली होती. प्रमाणपत्रांचं म्हणाल तर प्रॉडक्ट ओनरची (स्क्रम नावाच्या कामाच्या पद्धतीत काय करायचं ते ठरवणारा) दोन चालतात, सीएसपीओ आणि पीएसपीओ. सीएसपीओला वर्गाला बसावं लागतं, परीक्षा नसते. पीएसपीओची पहिली पायरी म्हणजे ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के; तिला क्लासची सक्ती नाही, स्क्रम गाइड फुकट वाचायला मिळतं, घरी अभ्यास करून देता येते. दुसरी देऊन ठेवायला हरकत नाही, बायोडेटा चाळणाऱ्या एचआरला बरं वाटतं. त्यावर नोकरी मिळते असं मात्र मी म्हणणार नाही.

त्यापेक्षा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका. मनापासून सांगते. 'गेल्या महिन्यात किती व्यापाऱ्यांनी गोषवारा उघडलाच नाही' हे डेव्हलपरच्या पाया न पडता स्वतःला काढता आलं की तुमच्या शब्दाला वजन येतं. सिलेक्ट (निवडणं), जॉइन (दोन याद्या जोडणं), ग्रुप बाय (गट पाडून मोजणं) एवढ्यावर सुरुवातीचं बरंच भागतं. स्क्रीनची चित्रं काढायचं फिग्मा दोन रविवारांत येतं, कामांची यादी ठेवायचं जिरा तर वापरता वापरता येतं, त्याला कशाला पैसे भरायचे.

मुलाखतीत काय विचारतात? एक प्रकार म्हणजे 'ऑर्डरी अचानक १० टक्क्यांनी पडल्या, कारण शोधा'. इथे लगेच उत्तर देणारा आपटतो. आधी उलट विचारायचं: सगळीकडे पडल्या की एका शहरात? अँड्रॉइडवर की आयफोनवर? नवीन गिऱ्हाईक कमी झालं की जुनं? मोजण्यातच घोळ नाही ना? दुसरा प्रकार अंदाजाचा: नाशिकमध्ये रोज किती रिक्षाफेऱ्या होत असतील? आकडा बरोबर येण्याला किंमत नाही, तुम्ही तो कसा फोडता ते बघतात. तिसरा म्हणजे 'रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्या आणि सुधारा'. तिथे सगळे झोमॅटो नाहीतर स्पॉटिफाय घेतात. तुम्ही कांद्याची हिशोबपट्टी घ्या, समोरचा खुर्चीत सावरून बसेल.

मिसळ_जास्त_तर्री

वाचनखूण साठवली. बायकोला पाठवलं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

आयटीवाला नाही, कारखान्यात ईआरपी, म्हणजे सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर, बसवायचं काम करतो. तरी एक किस्सा इथे शोभेल.

अंबडच्या एका कारखान्यात मशीन बंद पडलं की कारण टॅबवर निवडायचं असं ॲप आलं. यादीत कारणं बक्कळ, अक्षरं बारीक, ऑपरेटरच्या हातात मोजे आणि मोज्यांना तेल. वर उत्पादनाचं टार्गेट आहेच. महिनाअखेरच्या अहवालात मशीन बंद पडण्याचं पहिल्या नंबरचं कारण काय आलं असेल? 'इतर'. वरच्या मंडळींनी 'इतर'मध्ये नक्की काय ते शोधायला मीटिंग लावली, आणि यादीत आणखी कारणं घातली!

शेवटी ॲपवाल्या कंपनीची एक मुलगी अख्खी सेकंड शिफ्ट मशीनपाशी उभी राहिली. तिने सहा मोठी बटणं ठेवली: टूल, मटेरियल, लाइट, मेंटेनन्स, सेटिंग, माणूस नाही. बाकी तपशील शिफ्ट संपताना सुपरवायझरने भरायचा. नंतरचा अहवाल पहिल्यांदाच वाचण्यालायक होता. तिचं पद काय होतं ते विचारलं नाही. पण तुम्ही म्हणताय ते काम बहुधा हेच.

शंकाखोर

+१. आणि 'इतर' ठेवलंच नाही हे महत्त्वाचं.

द्राक्षवाला_दिंडोरी

मी ॲप बनवणारा नाही, ज्याच्यासाठी बनवतात तो. तेव्हा माझी बाजू ऐका.

आमच्याकडे दर हंगामात कुणी ना कुणी नवीन शेतीचं ॲप घेऊन येतं. पोरं चांगली असतात, बांधावर येतात, चहा पितात. विचारतात, 'काका, असं ॲप असेल तर वापराल का?' आम्ही म्हणतो, वापरू की. घरी आलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं? ते खूश होऊन जातात आणि आम्ही फवारणी पुन्हा वहीतच लिहितो. त्यांनी विचारायला हवं होतं, 'मागची फवारणी कुठे लिहिलीत, वही दाखवा.' वहीत बघितलं असतं तर कळलं असतं की औषधाचं नाव मी लिहितो, टाक्या किती ते गडी सांगतो आणि तारीख घरची टाकते. तीन माणसांची एक नोंद. ॲपला लॉगिन एकाचंच.

आता यशस्वी झालेली गोष्ट सांगतो. २००३ च्या सुमारास युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडून बोंब झाली. त्यानंतर २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ग्रेपनेट ही ऑनलाइन यंत्रणा आणली. निर्यातीचा प्लॉट नोंदवायचा, त्या प्लॉटचा नमुना मान्य प्रयोगशाळेत जाणार, अहवाल तिथूनच यंत्रणेत चढणार, आणि तो ठीक असेल तरच पुढची प्रमाणपत्रं. आमच्यातल्या कितीतरी बागायतदारांनी ते संकेतस्थळ जन्मात उघडलेलं नाही. तरी ग्रेपनेट चाललं, कारण ज्याच्यावाचून कंटेनर हलत नाही त्या कागदालाच ते बांधलं होतं. अर्थात यादीत असेल तेच सापडणार. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडने (वेलीची वाढ आवरणारं औषध) घात केला तेव्हा ते तपासायच्या यादीतच नव्हतं, माल युरोपात अडकला आणि इथे घरंच्या घरं बसली. तुम्ही जे मोजत नाही ते तुमच्या यंत्रणेला दिसत नाही, एवढं आमच्या पैशाने शिकून झालंय.

दुसरं उदाहरण ई-पीक पाहणीचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर. आधी सातबारावर पीक तलाठी लावायचे, आता आपण आपल्या गटात, म्हणजे शेतातच, उभं राहून फोटोसकट नोंद करायची. शिव्या देणारे भरपूर आहेत, मीही दिल्यात. पण दोन गोष्टी मला शहाणपणाच्या वाटल्या: रानात रेंज नसली तरी माहिती भरून ठेवता येते, नंतर अपलोड करायची, आणि एका फोनवरून दुसऱ्याही खातेदारांची नोंद होते. ज्याने हे ठरवलं त्याला माहीत होतं की म्हाताऱ्याकडे फोन नसतो, पुतण्याकडे असतो.

निफाडकर_पुणेस्थित

द्राक्षवाले दादा, तुमचा 'वही दाखवा' हा प्रश्न मी आमच्या नवीन पोरांना उद्यापासून पाठ करायला लावणार. 'वापराल का' याला जगात सगळीकडे 'हो' हेच उत्तर मिळतं.

जुनंखोड

उदाहरणं झकास. मूळ मुद्दा पगाराचा, त्यावर कुणीच बोलेना.

कोथिंबीरवडी

बोलते. कंपनीतल्या कंपनीत सरकताना पगार पहिल्या वर्षी फारसा हलत नाही, हे गृहीत धरा. नोकरी बदलताना हलतो. आकडे मी देत नाही, शहर आणि कंपनीगणिक इतका फरक पडतो की इथे लिहिलेला कुठलाही आकडा कुणाला तरी फसवेल.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसून गृहपाठ केला. फोनची नोंद आम्ही एका शीटमध्ये ठेवतो म्हणून जमलं.

प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो हे नेहमीचे आहेतच. पण वेळ सगळ्यात जास्त खाणारं कारण निघालं ते 'भाव बदलायचाय, नोंद रद्द कशी करू?'. सौदापट्टीवरचा (लिलावात ठरलेल्या भावाची चिठ्ठी) भाव मुनीमजी आधीच टाकून ठेवतात आणि त्यानंतर आमच्याकडे भाव बदलता येत नाही. सगळी नोंद रद्द करून पुन्हा भरायची. क्रमांक तुटतो, मग वर्षअखेरीला सीए विचारतात मधले नंबर गेले कुठे. हे फोन जवळपास सगळे मुनीमांचे, मालकांचा एखादाच.

डेव्हलपर म्हणाला, 'एवढंच ना? भावाचा रकाना उघडा करतो, अर्ध्या दिवसाचं काम.' मी म्हटलं थांब जरा. बरोबर केलं ना?

काटापट्टी

थांबवलंत ते फार बरं केलंत. वडील लासलगावला मुनीम होते, माझं बालपण खळ्यावर गेलंय.

हा भाव मध्येच का बदलतो ते इथल्या शहरी मंडळींसाठी सांगतो. लिलावात वाहनातला वरचा माल बघून बोली लागते. गाडी खळ्यावर रिकामी होताना खाली ओला माल, गोल्टी (बारीक कांदा), नाहीतर सड निघाली की व्यापारी वांधा, म्हणजे मालाबद्दल तक्रार, काढतो. घासाघीस होते, भाव खाली येतो. कधी वांधा खरा असतो. कधी दुपारून बाजार उतरलेला असतो आणि म्हणून वांधा निघतो. दोन्ही पाहिलंय.

भावाचा रकाना नुसता उघडा केलात तर सौदापट्टीवर एक भाव, तुमच्या हिशोबपट्टीवर दुसरा, आणि मध्ये काय झालं याचा मागमूस नाही. उद्या शेतकरी बाजार समितीत तक्रार घेऊन गेला की व्यापारी म्हणणार सॉफ्टवेअरने असं केलं. फोन तुम्हालाच येईल.

निफाडकर_पुणेस्थित

क्या बात है. ताई, हा तुमचा पहिला विषय. आता एका पानाचं टिपण लिहा. पानाची मर्यादा पाळा.

गोदाकाठची

प्रयत्न केलाय. फोडा हवं तसं.

अडचण: खळ्यावर वांधा मिटून भाव बदलला की आधीची नोंद रद्द करून सगळं पुन्हा भरावं लागतं. मागच्या गाड्या खोळंबतात, क्रमांक तुटतो.

कुणाची: मुनीमांची. (पैसे देतात मालक, त्यांना ही अडचण आहे हेच माहीत नाही.)

सध्या काय करतात: पिंपळगावच्या दोघा मुनीमांना विचारलं, द्राक्षवाले दादांच्या पद्धतीने. ते संध्याकाळपर्यंत सॉफ्टवेअर उघडतच नाहीत. कागदावर ठेवतात आणि रात्री एकदम भरतात. म्हणजे मालकांना दुपारी दिसणारा खरेदीचा आकडा खोटाच असतो!

काय करायचं: मूळ भाव तसाच राहील. खाली 'सुधारित भाव' आणि कारण: ओला, गोल्टी, सड, मिश्र. हिशोबपट्टीवर दोन्ही भाव छापले जातील. शेतकऱ्याला एसएमएस.

काय करायचं नाही: मालाचे फोटो, समितीच्या यंत्रणेशी जोडणी. पहिल्या फेरीत तरी नाही.

यश कसं मोजायचं: दर शंभर नोंदींमागे रद्द किती.

निफाडकर_पुणेस्थित

नोकरीचे बायोडेटा वाचतो त्यातल्या पुष्कळ टिपणांपेक्षा हे सरस आहे. कंसातलं वाक्य तर सोन्याचं.

मोजमाप मात्र पटलं नाही. रद्द करायची गरजच तुम्ही काढून टाकताय, मग रद्दचा आकडा पडणारच, त्यात कळलं काय? तुम्हाला हवंय ते मुनीमांनी दिवसा सॉफ्टवेअर वापरणं. लिलाव झाल्यापासून नोंद होईपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. तो रात्रीवरून दुपारवर आला तर खरं. आणि मालकांना विकायचंही तेच: 'दुपारी दोनला खरा आकडा बघायला मिळेल.' मुनीमाची सोय सांगून मालक पैसे सोडत नाहीत.

द्राक्षवाला_दिंडोरी

कांदाही लावतो मी थोडा, म्हणून विचारतो. आज भाव पाडायचा तर मुनीमाला सगळी नोंद मोडावी लागते, त्या कटकटीपायी कधी व्यापारी पाच-दहा रुपयांसाठी म्हणतो जाऊ दे. तुम्ही ते एका बोटावर आणून ठेवलंत की वांधे वाढणार नाहीत कशावरून?

शंकाखोर

हा प्रश्न मला सुचायला हवा होता, नाव माझं शंकाखोर.

कोथिंबीरवडी

ताई, दादांचा प्रश्न टिपणात जायलाच हवा. सुधारणा करताना बिघडू नये असा एक आकडा शेजारी धरून ठेवायचा असतो. इथे तो म्हणजे दर शंभर गाड्यांमागे वांधे किती आणि सरासरी किती रुपयांनी भाव उतरला.

आधीचा आकडा कुठून आणायचा? तुमच्याकडे आहे! रद्द झालेली नोंद आणि त्याच दिवशी त्याच गाडी नंबरने झालेली नवी नोंद जोडा. नवीत भाव कमी असेल तर तो वांधा. एकाच टेबलाचा स्वतःशी जॉइन. तुमचं एसक्यूएल इथूनच सुरू करा. एवढा एक आकडा घेऊन साहेबांसमोर गेलात तर त्यांना तो पहिल्यांदाच दिसत असेल. फक्त रात्री एकदम भरणाऱ्यांच्या नोंदीत वांधा दिसणार नाही, ते उतरलेलाच भाव टाकत असतील. त्यांना बाजूला काढून मोजा.

काटापट्टी

माझ्या मते वांधे थोडे कमीच होतील, कारण पट्टीवर कारण छापून येणार. 'ओला' लिहून दिलं आणि माल खणखणीत सुका असेल तर शेतकरी तीच पट्टी घेऊन समितीत जाईल. पण हा माझा अंदाज. त्यासाठीच व्यापारी सुरुवातीला कुरकुरतील. त्यांच्याशी बोलताना पारदर्शक वगैरे शब्द काढू नका. म्हणा, 'शेठ, उद्या तक्रार झाली तर वांधा कशाचा होता याचा कागद तुमच्या हातात राहील.' खरा वांधा काढणाऱ्याला ते पटेल. ज्याला पटणार नाही त्याच्याकडे आधी जाऊ नका.

आणि लाल कांद्याची आवक चढायच्या आत करा. एकदा गर्दी सुरू झाली की मुनीमाला नवीन बटण दाखवायला गेलात तर तो तुम्हालाच खळ्याबाहेर काढेल.

गोदाकाठची

अपडेट. जॉइन जमला, डेव्हलपरने एकदा तपासून दिला. आकडे इथे टाकत नाही, गिऱ्हाइकांचा विषय आहे. पण एवढं सांगते की सगळ्या खळ्यांवर वांधे सारखे नाहीत, दोन-तीन ठिकाणी अतोनात आहेत. साहेब बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, चांदवडच्या एका खळ्यावर करून बघ, दिवसाआड सपोर्टला सुट्टी घे. पदनाम आहे तेच. जुनंखोड काका, पगारही आहे तोच. :)

क्लासवाल्यांना नाही म्हणून कळवलं. पीएसपीओचा अभ्यास घरी करतेय.

जुनंखोड

लेखी घ्या साहेबांकडून. ईमेलवर तरी. उद्या पुण्याला मुलाखतीला गेलात तर 'हे मीच केलं' हे दाखवायला लागेल. बाकी शाब्बास.

द्राक्षवाला_दिंडोरी

अभिनंदन पोरी. तुझ्या त्या एसएमएसचं एक राहिलं. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर हा रकाना सक्तीचा केला आहेस का?

गोदाकाठची

हो दादा, नाहीतर एसएमएस जाणार कुठे?

काटापट्टी

मग पहिल्या दिवसापासून सगळे एसएमएस मुनीमाला येणार. मागे दहा गाड्या उभ्या असताना तो नंबर विचारत बसत नाही, स्वतःचा ठोकतो. नाहीतर दहा वेळा ९.

कोथिंबीरवडी

अगदी. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर नंबर कशासाठी घेताय ते सांगून संमती घेणं आलं, आणि एसएमएसचा मजकूर डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर आधी नोंदवावा लागतो, त्यातही वेळ जातो. पहिल्या फेरीतून एसएमएस काढूनच टाका. छापील पट्टीवर दोन्ही भाव येतायत ना, तेवढं पुरे.

गोदाकाठची

काढला. 'काय करायचं नाही'मध्ये टाकला. मंगळवारी चांदवडला जातेय, सकाळच्या लिलावाला. कुणी तिकडचे असाल तर व्यक्तिगत निरोप करा.